भाषाविज्ञानाची अमेरिकेतील पदवी: कर्जावर सही करण्याआधीचा हिशेब

अमेरिकेतल्या मराठी घरात एखाद्या मुलीने "मला भाषाविज्ञान शिकायचे आहे" असे सांगितले, की आईवडिलांच्या तोंडून दोन प्रश्न लागोपाठ येतात: पुढे नोकरी कसली मिळणार, आणि शिक्षणाला पैसे किती लागणार? हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. अडचण एवढीच, की बहुतेक घरांत त्यांची उत्तरे वेगवेगळी शोधली जातात. नोकरीविषयीचे उत्तर ऐकीव माहितीवर बेतलेले असते आणि पैशांविषयीचे उत्तर महाविद्यालयाचे पत्र हातात पडल्यावर घाईघाईत काढलेले असते. मी स्वतः हा विषय कर्ज काढून शिकले आणि ते कर्ज फेडले आहे. विषय निवडल्याची खंत मला कधी वाटली नाही, परंतु हिशेब उशिरा मांडल्याची वाटली, आणि तो वेळेवर कसा मांडावा हे सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. कर्ज हा ठरलेला आकडा असतो आणि त्याचा हप्ता दर महिन्याला ठरल्या तारखेला द्यावा लागतो. कमाईचे तसे नाही. भाषाविज्ञानाच्या पदवीला स्वतःचा असा पगार नसतो, कारण तिच्यापासून पाच-सहा निरनिराळ्या वाटा फुटतात आणि प्रत्येक वाटेवरची कमाई निराळी असते. म्हणून ज्या वाटेवर जाण्याची आपली खरोखर तयारी आहे, त्यांपैकी सर्वांत कमी पगाराच्या वाटेला झेपेल एवढेच कर्ज काढावे. पुढच्या सर्व पायऱ्या याच एका निकषासाठी आहेत.

पहिली पायरी: सरकारी आकडे वाचायला शिकणे

अमेरिकेच्या शिक्षण खात्याचे 'कॉलेज स्कोअरकार्ड' हे संकेतस्थळ विनामूल्य आहे. तेथे महाविद्यालयाचे नाव आणि विषय निवडला, की त्या विषयाच्या पदवीधरांची मध्यक कमाई आणि मध्यक कर्ज दिसते. मध्यक म्हणजे सर्व आकडे चढत्या क्रमाने मांडल्यावर बरोबर मधोमध येणारा आकडा. सुरुवात येथूनच करावी, मात्र हे आकडे नेमके कोणाचे आहेत हे समजून घेतल्याशिवाय त्यांवर विसंबू नये.

भाषाविज्ञानाच्या बाबतीत सर्वांत मोठी गफलत नावाच्या पाटीतच आहे. अमेरिकेत प्रत्येक अभ्यासक्रमाला एक सांकेतांक असतो आणि भाषाविज्ञानाचा सांकेतांक १६.०१०२ आहे. स्कोअरकार्ड मात्र पूर्ण सांकेतांक न पाहता पहिल्या चार अंकांपर्यंतच गट करते, म्हणजे १६.०१ हा सगळा गट एकत्र मोजला जातो. या गटात भाषाविज्ञानाखेरीज अनुवाद व दुभाषीकार्य, तौलनिक साहित्य आणि उपयोजित भाषाविज्ञान हेही विषय येतात. त्यामुळे एखाद्या विद्यापीठात तौलनिक साहित्याचा मोठा विभाग आणि भाषाविज्ञानाचा छोटा विभाग असेल, तर पडद्यावर दिसणारी कमाई मुख्यतः साहित्याच्या विद्यार्थ्यांची असू शकते. विभागाच्या कार्यालयाला पत्र लिहून "आपल्या गेल्या तीन तुकड्यांतील भाषाविज्ञानाचे पदवीधर आज काय करतात?" असे सरळ विचारावे. जो विभाग याचे तपशीलवार उत्तर देतो, त्याने आपल्या विद्यार्थ्यांची वास्तपुस्त ठेवलेली असते आणि तेवढ्यावरूनही बरेच काही कळते.

दुसरी गोष्ट अशी, की कमाईचा आकडा केंद्र सरकारचे अर्थसाहाय्य घेतलेल्या, पदवी पूर्ण केलेल्या आणि नोकरी करत असलेल्या विद्यार्थ्यांचाच असतो. पुढे पीएचडी करत असलेले विद्यार्थी त्यात नसतात, आणि शिक्षण अर्ध्यावर सोडलेलेही नसतात. कर्जाच्या आकड्यातही ज्यांनी कर्ज काढले तेवढेच मोजलेले असतात आणि त्यात खासगी बँकेचे कर्ज धरलेले नसते, तर पालकांच्या नावावरचे कर्ज वेगळे दाखवले जाते. पदवीधरांची संख्या फार कमी असेल, तर व्यक्तींची ओळख उघड होऊ नये म्हणून आकडा दाखवलाच जात नाही. भाषाविज्ञानाचे विभाग लहान असल्यामुळे ही रिकामी जागा वारंवार दिसते. ती पाहून घाबरण्याचे कारण नाही, कारण तिचा अर्थ विद्यार्थी थोडे आहेत एवढाच होतो.

त्याच पानावर, पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण मात्र काळजीपूर्वक पाहावे. कर्ज आहे आणि पदवी नाही, यासारखी दुसरी कोंडी नाही.

दुसरी पायरी: अर्थसाहाय्याचे पत्र ओळीओळीने वाचणे

या पायरीवर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण घरोघरी चूक होते ती येथेच. नुकतेच एका स्नेह्यांच्या मुलीला परराज्यातील एका विद्यापीठाकडून प्रवेशाबरोबर अर्थसाहाय्याचे पत्र आले. पत्र घेऊन ती माझ्याकडे आली, आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "मावशी, म्हणजे वर्षाला फक्त दोन हजारच भरायचे ना?"

पत्रात वरपासून खालपर्यंत असे लिहिले होते: वर्षाचा एकूण खर्च ४८,००० डॉलर. गुणवत्ता शिष्यवृत्ती १८,०००. केंद्र सरकारचे विद्यार्थी कर्ज ५,५००. वर्क-स्टडी २,५००. पालकांचे प्लस कर्ज (केंद्र सरकार पालकांच्या नावावर देते ते) २०,०००. सर्वांत खाली, ठळक अक्षरांत: उर्वरित रक्कम २,०००.

मी तिला एक कोरा कागद दिला आणि परत न करावी लागणारी रक्कम तेवढी त्यावर लिहायला सांगितले. कागदावर एकच आकडा आला, १८,०००. एकूण खर्चातून तो वजा केल्यावर उरले ३०,०००. हाच त्या विद्यापीठाचा निव्वळ वार्षिक खर्च. शुल्कवाढ न धरताही तो चार वर्षांत १,२०,००० डॉलर होतो. कर्ज हे साहाय्य नसून पुढे ढकललेला खर्च आहे, आणि वर्क-स्टडी म्हणजे काम मिळाले व ते केले तरच हातात येणारी मजुरी. पत्रात मात्र हे सारे एकाच रकान्यात, शिष्यवृत्तीच्या मांडीला मांडी लावून बसलेले होते. हा एखाद्या संस्थेचा अपवादात्मक दोष नाही. अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२२ मध्ये दिलेल्या अहवालानुसार अंदाजे ९१ टक्के महाविद्यालये आपल्या पत्रात निव्वळ खर्च एक तर सांगत नाहीत किंवा तो कमी करून सांगतात.

त्या पत्रात आणखी एक खड्डा होता आणि तो पहिल्या वर्षी दिसणारा नव्हता. १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्या पालकांना एका मुलासाठी वर्षाला जास्तीत जास्त २०,००० डॉलर आणि एकूण जास्तीत जास्त ६५,००० डॉलर एवढेच प्लस कर्ज मिळते. तीन वर्षे वीस-वीस हजार घेतले, की साठ हजार संपतात आणि चौथ्या वर्षासाठी हाती फक्त पाच हजार उरतात. म्हणजे शेवटच्या, पदवी हातात येण्याच्या वर्षी पंधरा हजारांची तूट पडणार, आणि ती भरायला खासगी बँकेचे, सहकर्जदाराच्या सहीचे, बहुधा चढ्या व्याजाचे कर्ज घ्यावे लागणार. शिवाय प्लस कर्जावर ४.२२८ टक्के शुल्क आधीच कापले जाते, त्यामुळे २०,००० मंजूर झाले तरी महाविद्यालयापर्यंत सुमारे १९,१५४ डॉलरच पोहोचतात, व्याज मात्र पूर्ण वीस हजारांवर लागते. २०२५-२६ या शैक्षणिक वर्षात हा व्याजदर ८.९४ टक्के होता.

ज्या महाविद्यालयांचे पत्र अजून आलेले नाही, त्यांच्या संकेतस्थळावर निव्वळ खर्चाचे गणकयंत्र असते. २०११ पासून ते ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. अर्ज करण्याआधीच त्यात घरचे खरे उत्पन्न भरून पाहावे.

तिसरी पायरी: कोणते कर्ज, किती

पदवीच्या विद्यार्थ्याने घेण्याजोगे पहिले कर्ज केंद्र सरकारचे. पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला ते पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि पुढे प्रत्येक वर्षी ७,५०० डॉलरपर्यंत मिळते, म्हणजे चार वर्षांत २७,०००. त्याला सहकर्जदार लागत नाही, व्याजदर त्या-त्या वर्षाच्या कर्जापुरता कायम राहतो आणि शिक्षण संपल्यावर सहा महिने हप्ता भरावा लागत नाही. यासाठी 'फाफ्सा' हा केंद्र सरकारच्या अर्थसाहाय्याचा अर्ज दरवर्षी भरावा लागतो. याच अर्जावरून गरजू कुटुंबाला पेल अनुदानही मिळते. २०२५-२६ मध्ये त्याची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर होती, आणि ती परत करायची नसते.

या २७,००० मध्येही दोन प्रकार आहेत. ज्या कर्जाला सरकारी व्याज-सवलत आहे, त्याचे व्याज शिक्षण चालू असेपर्यंत सरकार भरते. ती सवलत आर्थिक गरज असलेल्यांनाच आणि चार वर्षांत जास्तीत जास्त १९,००० डॉलरपर्यंतच्या रकमेवर मिळते. उरलेल्या रकमेवर, आणि गरज नसलेल्या कुटुंबांच्या बाबतीत सर्वच रकमेवर, पैसे दिल्याच्या दिवसापासून व्याज चढू लागते. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याने हा भेद विसरता कामा नये, कारण या विषयातून बरेच जण पुढे पाच वर्षांच्या पीएचडीला जातात. तेवढा काळ हप्ता थांबतो, सवलत नसलेल्या रकमेवरचे व्याज थांबत नाही. पूर्ण १९,००० वर सवलत मिळाली, तर ६.३९ टक्के दराने उरलेल्या ८,००० डॉलरवर पाच वर्षांत सुमारे २,५५६ डॉलर व्याज साचते, तर पूर्ण २७,००० सवलतीविना असतील तर सुमारे ८,६२७.

चौथी पायरी: हप्ता काढणे

कर्जाची एकूण रक्कम डोळ्यांपुढे नीट उभी राहत नाही, महिन्याचा हप्ता मात्र राहतो. २०२५-२६ चा पदवी-कर्जाचा दर ६.३९ टक्के होता. तोच दर २७,००० डॉलरना लावला, तर दहा वर्षांच्या फेडीत महिन्याचा हप्ता सुमारे ३०५ डॉलर होतो आणि एकूण सुमारे ३६,६०० डॉलर भरले जातात.

१ जुलै २०२६ पासूनच्या नव्या कर्जांना मात्र नवे नियम आहेत. ठरीव हप्त्याच्या योजनेत मुदत कर्जाच्या रकमेवर ठरते: २५,००० पेक्षा कमी असेल तर दहा वर्षे, २५,००० ते ५०,००० साठी पंधरा, त्यापुढे एक लाखापर्यंत वीस आणि त्याहून अधिक असल्यास पंचवीस वर्षे. त्यामुळे आपले २७,००० पंधरा वर्षांच्या गटात जातात. हप्ता सुमारे २३४ डॉलरवर येतो, परंतु एकूण भरणा सुमारे ४२,००० होतो. दरमहा सत्तर डॉलरची सोय साडेपाच हजारांच्या आसपास महाग पडते. केंद्र सरकारचे कर्ज मुदतीआधी फेडल्यास कोणताही दंड नसतो, म्हणून मुदत पंधरा वर्षांची मिळाली तरी जमेल त्या महिन्यात दहा वर्षांच्या हिशेबाने भरावे.

दुसरी योजना उत्पन्नावर आधारित आहे. तिला 'रिपेमेंट असिस्टन्स प्लॅन' म्हणतात. तीत वार्षिक उत्पन्नाच्या एक ते दहा टक्के रक्कम भरावी लागते आणि तीस वर्षांनंतर उरलेले कर्ज माफ होते. उत्पन्न ४५,००० डॉलर असेल तर टक्केवारी चार, म्हणजे महिन्याला १५० डॉलर. येथे जरा थांबून पाहावे. २७,००० वर महिन्याचे व्याजच सुमारे १४४ डॉलर आहे, त्यामुळे आपल्या दीडशेतले मुद्दलापर्यंत पोहोचतात जेमतेम सहा. मुद्दल निदान पन्नास डॉलरने कमी व्हावे म्हणून वरची भर सरकार घालते. पगार कमी असलेल्या वर्षांत ही योजना खरोखर आधार देते. तिच्या भरवशावर जास्त कर्ज काढणे मात्र तीस वर्षांचे ओझे आपणहून उचलण्यासारखे आहे.

सार्वजनिक शाळा, सरकारी कार्यालय किंवा ना-नफा संस्थेत पूर्णवेळ नोकरी असेल, तर १२० पात्र हप्त्यांनंतर उरलेले कर्ज माफ करणारी वेगळी तरतूद आहे. भाषाविज्ञानाच्या पदवीधरांपैकी शाळांत काम करणाऱ्यांना तिचा उपयोग होतो. नोकरीच्या पहिल्या वर्षापासून मालकाचे प्रमाणपत्र घेत जावे.

पाचवी पायरी: वाटा आणि त्यांवरची कमाई

अमेरिकी कामगार सांख्यिकी विभागाच्या वर्गीकरणात 'भाषावैज्ञानिक' असा स्वतंत्र व्यवसाय नाही. तो 'इतर सामाजिक शास्त्रज्ञ' या गटात टाकलेला आहे. म्हणून त्या शब्दाने नोकरी शोधत बसू नये, त्याऐवजी वाटेचे नाव शोधावे. खालचे आकडे मे २०२४ चे मध्यक वार्षिक वेतन दाखवतात. ते वीस वर्षांचा अनुभव असलेल्यांनाही धरून काढलेले आहेत, तेव्हा पहिल्या नोकरीचा पगार त्याहून कमी असणार हे मनात ठेवूनच वाचावेत.

अनुवादक आणि दुभाषी यांचे वेतन ५९,४४० डॉलर होते. या वाटेला भाषाविज्ञानापेक्षाही दुसऱ्या भाषेवरचे प्रभुत्व जास्त लागते, आणि २०२४ ते २०३४ या दहा वर्षांत नोकऱ्यांची वाढ केवळ दोन टक्के अपेक्षित आहे. शाळेत शिकवायचे असेल तर माध्यमिक शिक्षकाचे वेतन ६४,५८० होते, परंतु त्यासाठी राज्याचा अध्यापन परवाना वेगळा मिळवावा लागतो. तांत्रिक लेखकाचे वेतन ९१,६७० होते. गुंतागुंतीची गोष्ट सोप्या, निःसंदिग्ध वाक्यांत लिहिण्याची सवय या विषयात लागते, म्हणून ही वाट भाषाविज्ञानाच्या पदवीधराला साजेशी आहे.

भाषा-तंत्रज्ञानाविषयी सर्वांत जास्त विचारणा होते आणि नेमकी माहिती सर्वांत कमी मिळते, कारण सरकारी तक्त्यात त्याची वेगळी ओळ नाही. या क्षेत्रात दोन मजले आहेत असे समजावे. खालच्या मजल्यावर ध्वनिमुद्रणे लिहून काढणे, वाक्यांना खुणा लावणे, यंत्राची उत्तरे तपासणे ही कामे असतात. ती बहुधा कंत्राटी आणि तासाच्या दराची असतात. वरच्या मजल्यावर जाणाऱ्याला संगणकाची भाषा आणि संख्याशास्त्र हात धरून वर नेते. नोकरीची दहा-पंधरा निवेदने समोर ठेवून कोणते कौशल्य किती वेळा मागितले आहे हे मोजावे. पायथन या संगणक-भाषेचे नाव त्यांत फार वेळा येईल. या वाटेसाठी खास मास्टर्स अभ्यासक्रमही आहेत, त्यांपैकी वॉशिंग्टन विद्यापीठाचा संगणकीय भाषाविज्ञानाचा अभ्यासक्रम २००५ पासून चालू आहे. अशा व्यावसायिक मास्टर्सना सहसा पूर्ण शुल्क भरावे लागते, म्हणून त्यांचा खर्च पदवीच्या कर्जात मिळवूनच पाहावा.

वाक्-उपचार, म्हणजे बोलण्याच्या, भाषेच्या आणि गिळण्याच्या अडचणींवर उपचार करण्याचा व्यवसाय, ही या विषयातून जाणारी सर्वांत भरवशाची वाट. मध्यक वेतन ९५,४१० डॉलर, आणि दहा वर्षांत अपेक्षित वाढ १५ टक्के. परंतु तेथे केवळ पदवी चालत नाही. मास्टर्स पदवी, ४०० तासांचा देखरेखीखालचा प्रत्यक्ष अनुभव, परीक्षा आणि त्यानंतर किमान ३६ आठवड्यांची उमेदवारी असा तो मार्ग आहे. मास्टर्सला प्रवेश घेण्यापूर्वी वाणीची शरीररचना, श्रवणशास्त्र, जीवशास्त्र, संख्याशास्त्र असे विषय झालेले असावे लागतात. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याने ते पदवीच्या चार वर्षांतच निवडले नाहीत, तर पदवीनंतर आणखी एक वर्ष फक्त पूर्वतयारीत आणि शुल्कात जाते. वाट दुसऱ्या वर्षी ठरवली तर ते वर्ष वाचते.

या वाटेवरचे कर्जही मोजू. पदव्युत्तर विद्यार्थ्याला केंद्राचे कर्ज वर्षाला २०,५०० डॉलरपर्यंत आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी एकूण एक लाखापर्यंत मिळते. त्यापलीकडचा खर्च भागवणारे ग्रॅड प्लस कर्ज १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद झाले आहे. कायद्यात 'व्यावसायिक' ठरवलेल्या पदव्यांना मर्यादा जास्त आहे. आपला अभ्यासक्रम कोणत्या गटात मोजला जातो, हे प्रवेश स्वीकारण्याआधी अर्थसाहाय्य कार्यालयाकडून लेखी घ्यावे. पदवीचे २७,००० आणि मास्टर्सच्या दोन वर्षांचे ४१,००० मिळून ६८,००० होतात. पदव्युत्तर कर्जाचा २०२५-२६ चा ७.९४ टक्के दर धरून दहा वर्षांत फेडायचे ठरवले, तर हप्ता सुमारे ८०० डॉलर येतो. मध्यक वेतनावर हा दहा टक्क्यांच्या आसपासचा भार आहे. जड आहे, पण पेलतो, आणि शाळेत नोकरी केल्यास कर्जमाफीच्या तरतुदीचा मार्गही उरतो.

राहिली पीएचडी. याबाबत माझे मत ठाम आहे: भाषाविज्ञानाच्या पीएचडीसाठी कर्ज काढू नये. चांगले विभाग निवडलेल्या विद्यार्थ्याचे शुल्क माफ करतात आणि अध्यापन किंवा संशोधनात साहाय्य करण्याच्या बदल्यात विद्यावेतन देतात. प्रवेश दिला पण विद्यावेतन दिले नाही, तर तो नकार समजून सोडून द्यावा. प्राध्यापकाच्या कायमस्वरूपी जागा थोड्या आणि इच्छुक पुष्कळ असतात. विषयावरील निष्ठेने ती पाच वर्षे द्यावीशी वाटणे मी समजू शकते, पण त्या निष्ठेवर व्याज चढू देऊ नये.

सहावी पायरी: दोन्ही पारडी एकत्र ठेवणे

आता एका कागदावर स्वतःला मान्य असलेल्या वाटा लिहाव्यात आणि त्यांपैकी सर्वांत कमी पगाराची वाट निवडून तिच्यावरचा सुरुवातीचा पगार धरावा. माझा निकष असा, की दहा वर्षांच्या हिशेबाने काढलेला हप्ता कर कापण्याआधीच्या मासिक पगाराच्या आठ टक्क्यांच्या आसपास असावा आणि दहा टक्क्यांवर जाऊ नये. पगार ४५,००० असेल तर महिन्याचे ३,७५० होतात आणि ३०५ चा हप्ता आठ टक्क्यांच्या किंचित वर बसतो. पगार ३६,००० असेल तर तोच हप्ता दहा टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणजे केवळ पदवीच्या बळावर बाजारात उतरणाऱ्यासाठी २७,००० ही सरकारी मर्यादा आणि झेपण्याची मर्यादा जवळपास एकच आहे. तिच्यावर घेतलेला प्रत्येक डॉलर कोणत्या वाटेवरून परत येणार, याचे नाव सांगता यायला हवे.

पालकांच्या नावावरचे कर्जही याच कागदावर लिहावे. ते कायद्याने आईवडिलांचे असले, तरी घर एकच असते.

या संदर्भात आणखी एक नवा नियम माहीत असावा. २०२५ च्या कायद्यानुसार एखाद्या पदवी अभ्यासक्रमाच्या पदवीधरांची मध्यक कमाई त्या राज्यातील केवळ बारावीपर्यंत शिकलेल्या २५ ते ३४ वयाच्या नोकरदारांच्या मध्यक कमाईपेक्षा तीनपैकी दोन वर्षे कमी भरली, तर त्या अभ्यासक्रमाला केंद्राचे विद्यार्थी कर्ज बंद होते. लहान विभागाबाबत ही चौकशी प्रवेशाआधीच करून ठेवावी.

सातवी पायरी: या विषयाच्या जमेच्या बाजू वापरणे

कर्ज कमी करण्याचे नेहमीचे उपाय सर्वांना ठाऊक असतात. भाषाविज्ञानाला खास लागू पडणारे दोनच येथे सांगते.

एक म्हणजे हा विषय उशिरा सुरू करता येतो. अभियांत्रिकीसारखी पहिल्या सत्रापासूनची विषयांची लांब साखळी त्यात नसते. त्यामुळे पहिली दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात कमी शुल्कात सामान्य विषय, गणित आणि एखादी परकी भाषा शिकून तिसऱ्या वर्षी विद्यापीठात जाता येते. तेथे मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) विद्यापीठाला मान्य होतील याची खात्री मात्र आधीच लेखी करून घ्यावी.

दुसरे म्हणजे पदवीला लागणाऱ्या साधारण १२० श्रेयांकांपैकी भाषाविज्ञानाचे स्वतःचे श्रेयांक बहुतेक ठिकाणी एक तृतीयांशाच्या आसपासच असतात. उरलेल्या जागेत संगणकशास्त्र, संख्याशास्त्र किंवा वाक्-श्रवणशास्त्र हा दुसरा मुख्य विषय त्याच चार वर्षांत आणि त्याच शुल्कात बसवता येतो. ही सोय फार थोड्या विषयांना आहे.

अभ्यासाचे काम दाखवण्याजोगे करून ठेवणेही याच हिशेबात येते. ध्वनिविज्ञानाच्या वर्गात 'प्राट' हे विनामूल्य सॉफ्टवेअर वापरून स्वरांचे मोजमाप शिकवतात. बहुतेक विद्यार्थी वीस शब्द ध्वनिमुद्रित करून आकडे हाताने टिपतात आणि गुण मिळाल्यावर वही मिटतात. त्याऐवजी घरातल्या पाच जणांकडून मराठीतील 'च' आणि 'ज' यांचे दोन-दोन उच्चार असलेले शब्द वदवून घ्यावेत, म्हणजे 'चमचा'मधला 'च' आणि 'चिमणी'मधला 'च', 'जग'मधला 'ज' आणि 'जीव'मधला 'ज'. घर्षणाचा काळ मोजणारी छोटी स्क्रिप्ट लिहावी, आकड्यांचा आलेख काढावा आणि दोन पानांचे टिपण जोडावे. मुलाखतीत समोरचा माणूस "तुम्ही काय करू शकता?" असे विचारतो तेव्हा हे टिपण पुढे ठेवता येते, आणि उच्चारांच्या माहितीवर काम करणाऱ्या माणसाला त्यातली मेहनत लगेच दिसते.

भारतातून येणाऱ्यांसाठी

एफ-१ व्हिसावर येणाऱ्या विद्यार्थ्याला वर सांगितलेले केंद्र सरकारचे कर्ज मिळत नाही. त्यामुळे त्याच्यासाठी विद्यावेतनासह पीएचडी आणि भारतातील बँकेच्या कर्जावर मास्टर्स या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. शिक्षणानंतर बारा महिने काम करण्याची परवानगी मिळते. ती आणखी चोवीस महिने वाढते ती फक्त अभ्यासक्रमाचा सांकेतांक सरकारच्या स्टेम, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या विषयांच्या, यादीत असेल तरच. हा सांकेतांक आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देते त्या प्रवेशपत्रावर, छापलेला असतो. तो कोणता असेल हे कर्ज मंजूर करून घेण्याआधी विभागाला विचारावे, कारण डॉलरमध्ये कमावून कर्ज फेडण्याचा अवधी एक वर्षाचा की तीन वर्षांचा, हे त्याच्यावर ठरते.

आठवी पायरी: दरवर्षी पुन्हा

कर्ज एकदम चार वर्षांचे घेतले जात नाही. दर वर्षी नवी रक्कम स्वीकारावी लागते, आणि देऊ केलेल्या रकमेपेक्षा कमी घेण्याचा किंवा मुळीच न घेण्याचा हक्क विद्यार्थ्याला असतो. म्हणून दर वसंत ऋतूत, फाफ्साचे उत्तर आल्यावर, केंद्राच्या विद्यार्थी-साहाय्य संकेतस्थळावर जाऊन आजवरचे एकूण कर्ज आणि साचलेले व्याज उतरवून घ्यावे, नवा हप्ता काढावा आणि वाटांची यादी तपासावी. आवड बदलली असेल तर यादी बदलावी, मात्र हिशेब नव्या यादीप्रमाणे पुन्हा मांडावा.

स्नेह्यांच्या त्या मुलीने परराज्यातील विद्यापीठाला नम्रपणे नकार कळवला आणि स्वतःच्या राज्यातील विद्यापीठ निवडले. तेथे एकूण खर्च २९,००० आणि शिष्यवृत्ती व अनुदान मिळून ११,०००, म्हणजे निव्वळ खर्च १८,०००. त्यातले ५,५०० ती कर्जाऊ घेणार आहे आणि उरलेले साडेबारा हजार आईवडिलांच्या बचतीतून व तिच्या उन्हाळी कमाईतून उभे राहणार आहेत. भाषाविज्ञानाबरोबर तिने वाक्-श्रवणशास्त्राचे वर्गही पहिल्याच सत्रात घेतले आहेत. माझ्याकडे बसून केलेला तो कागद तिने घडी घालून ठेवला आहे, आणि त्याच्या मागच्या बाजूला पुढच्या तीन वसंत ऋतूंसाठी तीन रिकामे रकाने आखले आहेत.